गावातल्या गेलेल्या वडीलधाऱ्यांची स्मरणपुस्तिका: यादीपासून छपाईपर्यंत

अनेक गावांत आता वर्षभरात गेलेल्या म्हाताऱ्या माणसांवर छोटी पुस्तिका काढतात. हेतू चांगला असतो, पण पुस्तिका हातात आल्यावर बहुतेक वेळा एकच दुखणं दिसतं. चौदा माणसांवर चौदा पानं असतात आणि चौदाही जण ‘कष्टाळू, मनमिळाऊ आणि धार्मिक वृत्तीचे’ असतात. जन्मतारीख निम्म्यांची १ जून. बायकांचं माहेर कुठेच नाही. फोटो धुरकट. मजकूर दशक्रियेच्या आदल्या रात्री उरकलेला असतो, त्यामुळे चुकीची माहिती कायमची छापली जाते.

क्रम उलटा लागल्यामुळे हे होतं. आधी शब्द लिहिले जातात आणि माहिती नंतर शोधली जाते. खाली दिलेला क्रम पाळला, तर चार माणसं तीन-चार महिन्यांत दोन हजार वस्तीच्या गावाचं काम नीट पुरं करू शकतात.

१. माणसं आणि यादी

गट चौघांचा पुरे. त्यांत निदान दोन बाया हव्यातच. सत्तरीची विधवा सासरच्या पुरुषांसमोर तोंड उघडत नाही, तिच्याशी बाईनेच बोलावं लागतं. एकजण गावची नाती तोंडपाठ असलेला जुना माणूस असावा आणि एकजण मोबाइल, टायपिंग जमणारा. येत्या निवडणुकीला उभा राहणारा माणूस गटात घेऊ नका, आणि पुस्तिकेत कुणाचाही ‘सौजन्य’ म्हणून फोटो छापायचा नाही हे पहिल्याच बैठकीत ठरवा. हे ठरलं नाही तर दुसरी भावकी माहितीच देत नाही.

मुदत ठरवा: गेल्या पाडव्यापासून या पाडव्यापर्यंत, किंवा गेल्या जत्रेपासून या जत्रेपर्यंत. वयाची अटही ठरवा, साठ किंवा पासष्टच्या पुढे. मग ग्रामपंचायतीच्या मृत्यू नोंदवहीवरून यादी करा. मात्र मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते. तालुक्याच्या दवाखान्यात किंवा पुण्या-मुंबईत लेकाकडे गेलेल्या माणसाची नोंद तिथल्या नगरपालिकेत किंवा महापालिकेत असते, गावच्या वहीत नाही. नुसत्या वहीवर विसंबलेल्या यादीतून शेवटच्या आजारात बाहेर नेलेली सगळी माणसं गळतात. म्हणून भटजी, जंगम, नाभिक, बौद्धाचार्य, मशिदीची कमिटी, भजनी मंडळ या सगळ्यांना विचारा.

शेवटी यादी हातात घेऊन वस्त्यांवरून एक फेरी मारा: गावठाण, बौद्धवस्ती, मळे, वाड्या, माळावरची घरं. एखाद्या वस्तीतलं एकही नाव नसेल, तर तिथे कुणी गेलं नाही असं धरू नका. बहुतेक वेळा तिथे कुणी विचारायला गेलेलं नसतं.

तपासणी: यादीतल्या बाया मोजा. त्या पुरुषांपेक्षा फारच कमी असतील तर यादी अपुरी आहे.

२. पहिले तेरा दिवस: विचारायचं नाही, फक्त जपायला सांगायचं

सावडण्याच्या दिवशी किंवा त्यानंतर लगेच माणसाचे कपडे, अंथरूण, काठी, चष्मा नदीला सोडतात, जाळतात किंवा वाटून टाकतात. त्या गठ्ठ्यातच खिशातली डायरी, भिशीची वही, दिंडीचं ओळखपत्र, जुनी पत्रं निघून जातात. मुलाखत नंतर कधीही घेता येईल, गेलेली वही परत येणार नाही. म्हणून या दिवसांत भेटायला जाल तेव्हा घरातल्या एका जबाबदार माणसाला, शक्यतो थोरल्या सुनेला किंवा लेकीला, एवढंच सांगा: ‘कागद, वह्या, फोटो आणि हाताची हत्यारं एका पेटीत ठेवा. सहा महिने काही टाकू नका.’

तेवढंच. वही-पेन काढू नका, मोबाइल पुढे धरू नका. दुखवट्यात मिळणारी माहिती तशीही कामाची नसते, कारण सगळं बोलणं शेवटच्या आजाराभोवती फिरत राहतं. विचारायला निदान दीड महिन्यानंतर जा.

बोलण्यासाठी हंगाम बघा. पेरणी, ऊसतोड, सुगी यांत कुणाला सवड नसते. लेकी दिवाळीला आणि जत्रेला माहेरी येतात, तीच खरी वेळ. कोकणात चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला येतात. कारखान्याच्या पट्ट्यात तोडीला जाणाऱ्या कुटुंबांकडे दसऱ्याआधी जाऊन या, नाहीतर थेट उन्हाळाच उजाडतो.

३. कागद आणि तारखा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, त्यामुळे इथे घाई करू नका.

जन्मतारीख. शाळेच्या दाखल्यावर १ जून असेल तर ती बहुधा गुरुजींनी लिहिलेली तारीख आहे. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची आणि प्रवेशाला सहा वर्षं पुरी दाखवायची असायची. आधारवरची १ जानेवारीही बहुतेकदा अशीच अंदाजाची असते. जुन्या मतदार ओळखपत्रावर ‘१-१-१९९५ रोजी वय’ असा आकडा असतो. तो मृत्यूवेळचं वय समजून उतरवण्याची चूक हमखास होते. श्रावणबाळ किंवा संजय गांधी निराधार योजनेच्या फायलीत वयाचा पुरावा जोडलेला असतो, पण पगार सुरू व्हावा म्हणून वय वाढवलेलंही असू शकतं. म्हणून एकाच कागदावर भरवसा ठेवू नका. दोन कागद आणि एक आठवण जुळली तर साल लिहा. नाही जुळली तर ‘सुमारे १९४३’ असं लिहा. ‘सुमारे’ लिहिण्यात कमीपणा नाही. खोटी अचूक तारीख मात्र पुढे नातवंडं खरी धरून चालतात.

आठवणीवरून साल काढायला ठळक घटना लागतात. ही पट्टी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा:

मराठवाड्यात रझाकारांचा काळ, सप्टेंबर १९४८ पर्यंत. कूळकायद्याने कुळं जमिनीची मालक झाली तो पश्चिम महाराष्ट्रातला दिवस, १ एप्रिल १९५७. आणे जाऊन नवे पैसे आले तेही त्याच दिवशी. पानशेत फुटलं, १२ जुलै १९६१. कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. मोठा दुष्काळ, १९७२-७३. मुंबईच्या गिरण्यांचा संप, १८ जानेवारी १९८२ पासून. इंदिरा गांधी गेल्या, ३१ ऑक्टोबर १९८४. किल्लारी, ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, आदल्या रात्री गणपती विसर्जन.

याला आपल्या गावच्या घटना जोडा: वीज कधी आली, एसटी कधी सुरू झाली, पाझर तलाव कधी झाला, मोठी आग किंवा पूर कधी.

मग प्रश्न असा विचारा: ‘बहात्तरच्या दुष्काळात आजी खडी फोडायला जायच्या का? तेव्हा पदरात कोण होतं?’ धाकटा मुलगा कडेवर आणि सुकडी (दुष्काळी कामावर मिळणारं खाणं) खायला मधली मुलगी बरोबर, असं उत्तर आलं तर मधली तेव्हा तीन-चार वर्षांची धरता येते. तिथून लग्नाचं साल आणि लग्नावरून आजीचं वय जवळपास निघतं. ‘वय किती होतं?’ असं सरळ विचारलंत तर ‘नव्वदीच्या होत्या’ असंच ऐकू येईल.

मृत्यूची तारीख. रात्री बारानंतर आणि उजाडायच्या आत माणूस गेलं, तर घरचे आदला वार सांगतात, कारण आपल्याकडे दिवस सूर्योदयापासून मोजतात. दाखल्यावर मात्र दुसरी तारीख असते. श्राद्ध तिथीने होतं, शासकीय काम तारखेने. दोन्ही लिहा, आणि वेळ विचारूनच लिहा.

नाव. पाळण्यातलं, शाळेतलं, लग्नात बदललेलं आणि गाव हाक मारायचं ते, अशी चारही विचारा. सातबाऱ्यावर एक नाव, रेशनकार्डावर दुसरं आणि गावात ‘आबा’ हे नेहमीचंच आहे. बायकांच्या बाबतीत माहेरचं गाव, माहेरचं आडनाव आणि वडिलांचं नाव लिहिल्याशिवाय नोंद पुरी झाली असं समजू नका. सासरी हे सांगता येणारं कुणी उरलेलं नसेल तर माहेरच्या भाच्याला फोन करा.

जमीन आणि काम. फेरफार उताऱ्यावर वाटणी, खरेदी, कुळाची नोंद तारखेसह मिळते. गिरणीत किंवा गोदीत राबलेल्या माणसाचा पास, फंडाची पावती, आरोग्य विम्याचं कार्ड पेटीत असतं. त्यावर खात्याचं नाव सापडतं. ‘मुंबईला होते’ या दोन शब्दांपेक्षा ‘साच्याखात्यात होते’ (म्हणजे गिरणीच्या मागांवर) याला कितीतरी वजन आहे.

सावध: आधार क्रमांक, बँक पासबुक, केसपेपर यांचे फोटो काढून ठेवू नका. लागणारं साल वहीत उतरवा आणि कागद तिथेच परत द्या.

४. फोटो

भिंतीवरचा हार घातलेला फोटो बहुतेकदा स्टुडिओत कोट चढवलेला, चेहरा गुळगुळीत केलेला असतो. घरच्यांना तोच आवडतो, त्यामुळे तो घ्याच, पण शेजारी दुसरा एक खरा फोटो शोधा: लग्नाच्या घोळक्यातला, बैलांजवळचा, चुलीपुढचा. तो सहसा मुंबईच्या पुतण्याकडे किंवा लेकीच्या सासरी मिळतो.

फ्रेममधला फोटो काचेला चिकटलेला असेल तर सोडवू नका. चेहऱ्याचा रंग काचेवर राहतो. काचेवरूनच टिपा: सकाळी नऊ-दहाला किंवा चारनंतर ओसरीच्या सावलीत फ्रेम उभी ठेवा, फ्लॅश बंद करा, मोबाइल फ्रेमला अगदी समांतर धरा आणि फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागे काळी घोंगडी धरा. प्रतिबिंब जातं.

पासपोर्ट आकाराचा फोटो स्कॅन करणार असाल तर ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) करा. साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरचा फोटो मग छपाईत सात बाय नऊपर्यंत स्वच्छ येतो. ३०० ला केलात तर तेवढाच लहान छापावा लागेल. फोटोची मागची बाजूही टिपा, तिथे स्टुडिओचा शिक्का आणि कधी कधी साल असतं. मूळ फोटोवर बॉलपेनने लिहू नका, अक्षरं पुढून उमटतात. मऊ शिसपेन वापरा, तीही कडेला.

व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीसारखा पाठवला की बारीक होतो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. फाइलला लगेच नाव द्या: यादीतला क्रमांक, नाव, कुणाकडून आला. ‘नंतर देऊ’ म्हटलं की दोनशे फोटोंत दोन आजी सारख्याच दिसायला लागतात आणि एकीच्या पानावर दुसरीचा चेहरा छापला जातो. या चुकीला घरचे माफ करत नाहीत, आणि करूही नये.

५. बोलायला बसणं

एका माणसासाठी निदान तीन जणांशी बोला: घरातलं एक, बरोबरीचं एक आणि कामातलं एक. कामातलं म्हणजे बांधाला बांध लागून असलेला शेजारी, खुरपणीच्या टोळीतली जोडीदारीण, दिंडीतला विणेकरी, गिरणीच्या गाळ्यातला सोबती. घरचे माणसाचं म्हातारपण सांगतात. तरुणपण बरोबरीच्यांकडे असतं, आणि ते बरोबरीचेही आता थोडेच उरलेत. म्हणून यादीतल्या साक्षीदारांपैकी सगळ्यात थकलेल्या माणसाकडे आधी जा.

दोघांनीच जावं. एकाने बोलावं, दुसऱ्याने रेकॉर्डिंग सांभाळावं. मोबाइल विमान मोडवर टाका, नाहीतर मध्येच फोन येऊन रेकॉर्डिंग तुटतं. पंखा आणि टीव्ही बंद करायला सांगा. मोबाइल खाटेवर ठेवू नका, हालचालीचा आवाज येतो. दुमडलेल्या टॉवेलवर, बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर ठेवा. तीस सेकंद बोलून ऐकून बघा. सुरुवातीला तारीख, गाव आणि बोलणाऱ्याचं नाव मोठ्याने सांगा. बैठक पाऊण तास ते तासाभराची. त्यापुढे थकवा येतो.

‘स्वभाव कसा होता?’ हा प्रश्न विचारू नका. ‘लई चांगला’ यापलीकडे त्याला उत्तर नाही. त्याऐवजी असं विचारा:

सकाळी उठल्यावर पहिलं काम कुठलं? हाताला असं कुठलं काम होतं जे गावात थोड्यांनाच जमायचं: कणगी लिंपणं, नाडा वळणं, पाभर जुळवणं, बाळंतीण सोडवणं, गोधडीला टाके घालणं? कुणाकडून शिकल्या, कुणाला शिकवलं? बाजार कुठला, आणि कशाने जायचे? बैलांची नावं काय होती? रागावल्यावर तोंडात कुठलं वाक्य यायचं? पंढरीला पहिल्यांदा कधी गेले, कुठल्या दिंडीतून? घरात सणाला त्यांच्या हातचंच काय लागायचं?

रागातलं वाक्य जसंच्या तसं, बोलीत टिपा. ‘आरं, ह्यो बांध काय तुज्या बापानं घातला का’ याचं प्रमाण मराठी करू नका. माणूस त्या बोलीत जगला.

जात्यावरच्या ओव्या म्हणणारी आजी गेली असेल तर तिच्या जावेला किंवा शेजारणीला त्या म्हणायला सांगा. नुसत्या सांगायला बसलं की आठवत नाहीत. जातं फिरवायला घेतलं की ओठांवर येतात, म्हणून जातं अजून असेल त्या घरी बसा. एकीने सुरुवात केली की दुसरी पुढची जोडते.

वाटणी, दुसरं लग्न, कर्ज, दारू, भावांची कोर्टकचेरी असे विषय आपसूक निघतील. ऐकून घ्या, पण रेकॉर्डिंग थांबवू का असं विचारा. ‘हे लिहू नका’ म्हटलेलं वहीत ठळक चौकोनात नोंदवा, नाहीतर टाइप करणाऱ्याच्या हातून ते पुस्तिकेत जातं. मृत्यूचं कारण घरच्यांनी स्वतःहून लिहायला सांगितलं नाही तर लिहू नका. आत्महत्या असेल तर विचारूही नका.

तपासणी: तिघांशी बोलून झाल्यावर वहीत निदान पाच गोष्टी अशा आहेत का, ज्या डोळ्यांना दिसतील किंवा कानांना ऐकू येतील? नसतील तर चौथ्याकडे जा.

६. लिहिणं

प्रत्येकाला सारखी जागा: दोन पानं, फोटो आणि सुमारे तीनशे शब्द. माजी सरपंचांना चार पानं आणि शेतमजूर बाईला अर्धं, असं केलंत तर पुस्तिका पुढच्या वर्षी निघणार नाही, आणि निघूही नये. क्रम मृत्यूच्या तारखेने लावा. त्यावर कुणाला बोट ठेवता येत नाही.

नावाआधी काय लिहायचं ते घरच्यांना विचारा. सरसकट ‘कै.’ लावू नका. वारकरी घरांत ‘वै.’ म्हणजे वैकुंठवासी लिहितात, बौद्ध कुटुंबांत ‘कालकथित’, लिंगायतांत ‘लिंगैक्य’, मुस्लिम घरांत ‘मरहूम’. विधवेच्या नावाआधी लावतात ते ‘गं. भा.’ (गंगा भागीरथी) अनेक लेकींना आता नको असतं, त्यांचं ऐका.

पानाच्या डोक्यावर नावं, जन्म, मृत्यू (तारीख व तिथी), माहेर, वस्ती. मजकूर जन्मापासून सुरू करू नका, कामापासून करा: ‘आडाचं पाणी शेंदायला पहाटे पहिली घागर त्यांची असायची.’ मग तिथून मागे आणि पुढे जा. वारसांच्या नावांची लांबलचक माळ मजकुरात घालू नका, ती शेवटी एका ओळीत द्या. त्यात लेकींची नावं लेकांइतक्याच मानाने येऊ द्या. ‘तीन मुलगे व दोन विवाहित मुली’ असं मोघम लिहिणं बंद करा.

लिहून झालं की विशेषणांखाली रेघ मारा. प्रत्येक विशेषणाच्या जागी ते सिद्ध करणारी गोष्ट बसते का बघा. ‘दानशूर’ च्या जागी ‘बहात्तरला मळ्यातली विहीर तीन वस्त्यांना खुली ठेवली’. गोष्ट नसेल तर विशेषण काढा.

तपासणी: नाव झाकून मजकूर शेजाऱ्याला वाचून दाखवा. कोण ते त्याने ओळखलं नाही, तर पुन्हा लिहा.

७. घरच्यांसमोर वाचन आणि संमती

छापण्याआधी मजकूर त्या घरी जाऊन मोठ्याने वाचा. नुसता मोबाइलवर पाठवून ‘बघून सांगा’ म्हणू नका. म्हातारी माणसं वाचत नाहीत, तरुण वरवर बघतात, आणि चूक छापून आल्यावरच सापडते. वाचताना आजोबा-आजी, लेकी, सुना सगळे बसलेले हवेत. लेक सासरी असेल तर फोन स्पीकरवर ठेवा.

एका पानावर साधी संमती घ्या: मजकूर ऐकला, फोटो छापायला हरकत नाही, रेकॉर्डिंग जपायला हरकत आहे किंवा नाही. सही मागे राहिलेल्या जोडीदाराची, तो नसेल तर मुलांपैकी निदान दोघांची. भाऊ वेगळे निघालेले असतील तर दोन्ही घरांची. एका घराने नकार दिला तर पान गाळा, त्या माणसाचं नाव आणि तारखा मात्र यादीच्या पानावर राहू द्या, तेवढ्यालाही विचारूनच.

८. छपाई

आकार ए-५. मध्ये पिन मारलेल्या पुस्तिकेची पानं चारच्या पटीतच बसतात. चौदा माणसं असतील तर हिशेब असा: २८ पानं मजकूर, १ शीर्षक, १ यादी, १ गावच्या घटनांची पट्टी, १ कोरं, एकूण ३२. आतला कागद ८० किंवा ९० जीएसएम (कागदाच्या जाडीचं माप) मॅपलिथो, मुखपृष्ठ २५० ते ३०० जीएसएम आर्ट कार्ड. अक्षर १३ पॉइंटच्या खाली नको, वाचणारे बहुतेक चष्मेवाले असतात.

छापखान्यात मजकूर जुन्या फॉन्टमध्ये बदलला की ऱ्ह, ऱ्य, ॲ, रफार आणि जोडाक्षरं मोडतात. ‘म्हातारपणीसुद्धा’, ‘दुसऱ्या’, ‘धर्म’ असे शब्द प्रूफमध्ये आधी बघा. शक्य असेल तर तुमच्याकडूनच पीडीएफ करून द्या. कागदावरचं प्रूफ मागा, पडद्यावरचं पुरत नाही. तारखा दोघांनी वाचाव्यात: एकाने वहीतून मोठ्याने, दुसऱ्याने प्रुफावर बोट ठेवून.

प्रती: दर घरी पाच धरल्या तर सत्तर, त्यावर शाळा, वाचनालय, ग्रामपंचायत, अंगणवाडी आणि बाहेरगावचे मिळून तीस. शंभर पुरतात.

पुस्तिका वाटायला सर्वपित्री अमावास्या किंवा जत्रेचा दुसरा दिवस बरा. ज्या घरांत पितृपंधरवडा पाळत नाहीत, त्यांच्याकडे नंतर न्या. स्टेज, सत्कार, भाषणं नकोत. प्रत घरी जाऊन मागे राहिलेल्या जोडीदाराच्या हातात द्या.

९. मागे राहिलेलं साहित्य

रेकॉर्डिंग, स्कॅन आणि पीडीएफ तीन ठिकाणी ठेवा: एक हार्ड डिस्क शाळेत, एक गटातल्या एकाच्या घरी, एक प्रत ऑनलाइन, जिचा पासवर्ड निदान तिघांना माहीत आहे. नुसत्या पेन ड्राइव्हवर भिस्त ठेवू नका, आणि कुणाच्या मोबाइलवर तर अजिबात नाही. वर्षातून एकदा, पाडव्याला, प्रत्येक प्रत उघडून दोन-चार फाइली वाजवून बघा.

मूळ फोटो आणि वह्या आठवड्याच्या आत परत करा, आणि परत केल्याची सही घ्या. हातवहीत पुढच्या वर्षासाठी कोरी पानं सोडा. गावात आज जे साक्षीदार म्हणून बोलले त्यांची जन्मगावं, माहेरं आणि चारही नावं त्यांच्या तोंडूनच विचारून त्या पानांवर आत्ताच लिहून ठेवा.